नऊशे ग्रॅमचा चिमटा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या बेलापूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागतात, आणि खाडीकडून वारा असला की तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दिवाळे गावातल्या वाळत्या जवळ्याचा वास येतो. मुली नाकाला ओढणी लावतात, खिडक्या बंद करूया म्हणतात. मी करू देत नाही. माझ्यासाठी ह्या ऋतूचा वासच तो आहे. कुणाला ह्या दिवसांत आंब्याचा मोहोर आठवत असेल, मला सुका जवळा आठवतो आणि त्याच्या जोडीने एका चिमट्याची गार पकड आठवते. चिमटा म्हणजे कॅलिपर. दंडावरची, पोटरीवरची चरबी दोन बोटांत घडी करून उचलायची, त्या घडीला कॅलिपरचे दोन जबडे लावायचे आणि तबकडीवर किती मिलिमीटर जाडी दिसते ते वाचायचं. माणसाच्या अंगात चरबी किती आहे, हे ताडायची ही सगळ्यात स्वस्त रीत. मी आहारशास्त्र शिकवते, आणि ह्या चिमट्याच्या कामात माझा हात धरणारं आमच्या कॉलेजात कुणी नाही. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको.

परवा सरावाच्या तासाला एक मुलगी मैत्रिणीच्या दंडाला चिमटा लावून उभी होती. चेहरा रडवेला. म्हणाली, "मॅडम, काटा थांबतच नाहीये. खाली खाली चाललाय. कुठला आकडा लिहू?"

दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. जबडे पूर्ण सोडले की दोन सेकंद मोजायचे आणि त्या क्षणी जो आकडा असेल तो लिहायचा. चरबीची घडी म्हणजे लाकडाची फळी नाही. चिमट्याखाली ती दबत जाते, आधी झपकन आणि मग रेंगाळत. पहिल्या क्षणी अठरा दिसणारा आकडा बघता बघता सोळावर येतो. मग कुणी अठरा लिहील, कुणी सोळा, आणि दोघं भांडत बसतील. ती भांडणं नकोत म्हणून सगळ्यांनी मिळून दोन सेकंद ठरवून घेतलेत. मी तिला तेच सांगितलं. पण सांगताना माझा उजवा अंगठा माझ्याच डाव्या मनगटावर दाबून बघत होता. अकरा वर्षांची खोड आहे ती, जात नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला दोन सेकंद पुरत नव्हते. मला काट्याचा सगळा प्रवास हवा होता. तो किती वेगाने खाली येतो, कुठे मंदावतो, कुणाचा लवकर थांबतो, कुणाचा उशिरा. त्यातून एक समीकरण काढायचं, म्हणजे नुसत्या जाडीवरून नाही तर दबण्याच्या चालीवरूनही घडीच्या आत काय आहे ते सांगता येईल, असा माझा प्रबंधाचा विषय. विषय ऐकून नातेवाईक गप्प व्हायचे. एका काकांनी विचारलं होतं, "म्हणजे लोकांना चिमटे काढणार आणि डिग्री घेणार?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

आम्ही तेव्हा कामोठ्याला राहायचो, आताही राहतो. दोन खोल्या, गॅलरीत तुळस आणि पप्पांची हत्यारांची पेटी. पहिला दंड आईचा मोजला, ती पोळ्या लाटत असताना. मोबाईल डब्याला टेकवून काट्याचं चित्रीकरण करायचे, मग ते थांबवत थांबवत आकडे उतरवायचे. आईचा हात हलायचा, आकडा बिघडायचा, मी ओरडायचे. शेवटी तिने लाटणं उगारलं. म्हणाली, "माझी चरबी माझ्यापाशी राहू दे. बाहेर काय बायका कमी आहेत?"

पप्पा पावणे गावातल्या एका छोट्या कारखान्यात स्प्रिंगा बनवायचे. दारांच्या कुलपांच्या, गिरणीच्या, कसल्या कसल्या यंत्रांच्या. साताऱ्याहून विशीत आलेला माणूस, तीस वर्षं तारेला पीळ देत आला. माझं समीकरण कागदावर बसेना तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून कुरकुर केली. त्यांनी कागदाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेलं, आमच्या स्कूटरच्या सीटवर दोन्ही हातांनी भार दिला आणि काढला.

"काय झालं?"

"खाली गेली, वर आली."

"नुसती स्प्रिंग असती तर उड्या मारत बसली असती. शॉकअपमध्ये तेल असतंय. तेलाला बारक्या भोकातून वाट काढायला येळ लागतो, म्हणून गाडी दमानं खाली जाते न् दमानंच वर येते. तुझ्या त्या चरबीत तेलाच्या जागी काय आहे?"

"पाणी," मी म्हणाले.

"मग मांड की तसं. एक स्प्रिंग, एक तेल."

मी तिथेच, स्कूटरच्या धुळीने भरलेल्या डिकीवर, बोटाने समीकरण लिहिलं. पेशींमधल्या पाण्याला चिमटा बाजूला ढकलतो, ते वाट काढत सरकतं, म्हणून काटा रेंगाळतो. इतकं साधं होतं. वर येऊन मी आईला मिठी मारली तर ती म्हणाली, "पुन्हा चिमटा आणलास का?"

मग बायका शोधायची वेळ आली. माझ्या गाईड बाईंचं म्हणणं असं की कॉलेजातल्या मुली मोजून काही कळायचं नाही, सगळ्या एका वयाच्या, सगळ्या खुर्चीवर बसणाऱ्या. कष्टाचं अंग मोज, म्हणाल्या. कॉलेजपासून दिवाळे पायी पंधरा मिनिटं. एका बाजूला काचेच्या इमारती, आणि त्यांच्याकडे पाठ केली की होड्या, जाळी, जमिनीवर पसरलेला गुलाबी जवळा आणि बांबूंवर टांगलेले बोंबील. वाळवणाच्या त्या जागेवर सात-आठ बायका बसल्या होत्या. मधोमध मथुराबाय. अठ्ठावन्नच्या आसपास वय, अंगाने भरलेली, गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं, आणि आवाज असा की पलीकडच्या होडीतला माणूस वळून बघेल. इथे तिला विचारल्याशिवाय काही होत नाही, हे मला मिनिटभरात कळलं.

"काय मोजनार?" तिने विचारलं.

"चरबी, मावशी."

"कोनाची? आमची?" सगळ्या खदखदल्या. "आमचे अंगाव हाय ती म्हावऱ्याची चरबी हाय बाय. ती मोजून तुला काय भेटनार?"

मी डिग्री वगैरे सांगितलं. तिने चिमटा हातात घेतला, उघडला, मिटला, बोट घालून बघितलं.

"दुकतं का?"

"अजिबात नाही."

"मंग आदी तुजा दंड हितं दे. आमी मोजू. मंग आमचा घे."

हाच तिथला कायदा ठरला. जिला मोजायचं तिने आधी मला मोजायचं. पंधरा दिवसांत मी सव्वीस बायका मोजल्या, म्हणजे सव्वीस बायकांनी मला चिमटा लावला. बर्फात हात घालून घालून गार पडलेली बोटं, पकड मात्र अशी की सुटणार नाही. त्या आकडा वाचायच्या, एकमेकींना सांगायच्या, माझ्या दंडावर चर्चा करायच्या. "पोरीला खायला घालीत नाय का कोन?" माझा डावा दंड हिरवा-निळा झाला. आईने पाहिला आणि दार लावून मला विचारलं, "खरं सांग, कुणी धरलं होतं तुला?" मी म्हटलं, "सगळ्या दिवाळ्याने." तिला ते विनोदी वाटलं नाही.

त्या चिमट्यांतून मला एक गोष्ट फुकट शिकायला मिळाली. सकाळी माझा दंड सतरा मिलिमीटर असायचा. लागोपाठ चार-पाच जणींनी दाबला की पंधरावर यायचा, आणि घरी जाऊन चहा घेईपर्यंत पुन्हा सतरा. बाजूला ढकललेलं पाणी परत येत होतं. मी वहीत लिहिलं की एकाच जागी लागोपाठ मोजू नये, मध्ये वेळ द्यावा. बस. एवढाच अर्थ घेतला मी त्याचा. परत येणं ही मला मोजण्यातली अडचण वाटली होती. हुशार माणसं अशीच असतात, डोळ्यासमोरचं बाजूला सारून पुढे जातात. मी तेव्हा स्वतःला फारच हुशार समजत होते, आणि खरं सांगायचं तर होतेही.

मथुराबाय सगळ्यांत शेवटी बसली. पुढाऱ्याचा मान. दंडाची घडी ठीक होती, इतरांपेक्षा थोडी मऊ. मग तिने पाय स्टुलावर ठेवला आणि मी पोटरीला चिमटा लावला. काटा खाली निघाला तो निघालाच. दोन सेकंद झाले, पाच झाले, दहा झाले. बाकीच्यांचा काटा ह्या वेळेपर्यंत जवळजवळ थांबलेला असायचा. हिचा मिनिटभरानंतरही सरकत होता.

"तुजा चिमटा झोपला काय गो?" ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. पंधरा दिवसांत शेकडो वेळा उघडझाप झालेली स्प्रिंग, थकली असणार. मी चिमटा काढला. पोटरीवर दोन जबड्यांचे दोन वळ उमटले होते. वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी तेही लिहिलं, कारण मी सगळं लिहायचे. मग चहा घेतला, त्यांच्याशी गप्पा मारल्या, निघाले.

रविवारी पप्पांनी मला पावण्याला नेलं. कारखाना बंद, आत तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. कॅलिपरचे जबडे कुठल्याही उघडझापीला सारखाच दाब देतात, दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम, हीच त्याची सगळी किंमत. माझ्या चिमट्याच्या जबड्याचं तोंड नव्वद चौरस मिलिमीटरचं. पप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला, चिमटा शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आडवा आवळला आणि खालच्या जबड्याला तारेच्या आकड्याने नऊशे ग्रॅमची वजनं टांगली. जबडा दहा मिलिमीटर उघडा ठेवला, तिथेच तरंगत राहिला. वीसला ठेवला, राहिला. तीसला, चाळीसला, तिथेही राहिला. त्यांनी चार वेळा केलं. मी म्हटलं, "पुन्हा बघा ना, नक्की बिघडलीये."

"स्प्रिंग ठणठणीत आहे," ते वजनं उतरवत म्हणाले. "तिच्यावर आळ नको घेऊस. आता दुसरीकडं बघ."

दुसरीकडे कुठे बघणार? सोमवारी मी गाईड बाईंकडे गेले. त्यांनी सव्वीस वक्र एकावर एक ठेवून पाहिले. पंचवीस एका कुटुंबातले वाटत होते, सव्विसावा कुठेतरी भलतीकडे. बाई म्हणाल्या, "पाय हलवला असेल त्यांनी. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. काढून टाक आणि खाली कारण लिही." बाईंचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. असं करतात. मी वही उघडली, मथुराबायच्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली आणि कारण लिहिलं, मोजताना हालचाल. ती हलली नव्हती. मला माहीत होतं की ती हलली नव्हती.

आणि मग समीकरण असं बसलं की विचारू नका. पंचवीसच्या पंचवीस बायका एका रेषेवर आल्या. मी प्रयोगशाळेत एकटी होते आणि मोठ्याने हसले. तो आनंद खरा होता, तो मी नाकारत नाही. त्यानंतर काही दिवस मी कामोठ्याच्या रस्त्यांवरून अशी चालत होते की रिक्षावाल्यांनी वाट द्यावी. त्या मस्तीत नऊ दिवस गेले.

नवव्या दिवशी संध्याकाळी पप्पा कामावरून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "दाव बघू तुझी रेष." मी ऐटीत दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली. मग विचारलं, "आपण जिच्यापायी स्प्रिंग तपासली ती बाई ह्यात कुठाय?"

"ती काढली."

"का?"

"बसत नव्हती."

त्यांनी वही ओढून घेतली, लाल रेघेखालची ओळ बोटाने वाचली, आणि शेऱ्यापाशी थांबले. "पोटरीवर वळ. निघताना दिसत होते." त्यांनी विचारलं, "हे किती येळानं?"

मी आठवलं. चहा झाला होता. तिच्या सुनेच्या बाळाचं बारसं, होळीची तयारी, हे सगळं बोलून झालं होतं. "वीस मिनिटं. असेल जास्तच."

"आणि मग परत आलं?"

"काय?"

"मास. दाबलेलं परत आलं का वर?"

"ते मी बघितलं नाही. ते माझ्या विषयात नाहीये, पप्पा. माझा विषय दबण्याचा आहे."

त्यांनी वही मिटून माझ्यापुढे ठेवली. रागाने नाही. "दाबल्यावर खाली सगळंच जातंय," ते म्हणाले. "आमच्याकडं तपासणीवाला माल सोडल्यावर बघतो. परत आला तर बरा. हिच्या शॉकअपमध्ये तेल नको तेवढं झालंय बाळा. कुठनं आलं ते?"

मला ते ऐकताक्षणी कळलं, आणि कळल्याचा मला आधी रागच आला. सूज. साधी सूज, पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारली तरी सांगेल. पायात पाणी साठलंय, अंगठा दाबला की खळगा पडतो, भरायला वेळ लागतो. मला परीक्षेत ह्यावर प्रश्न होता आणि मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. एका माणसाच्या पोटरीत पाणी भरलंय हे माझा चिमटा मला ओरडून सांगत होता, आणि मी आधी स्प्रिंगला दोष दिला, मग बाईच्या पायाला, आणि मग तिच्यावर लाल रेघ ओढली. त्या नऊ दिवसांची मला अजून लाज वाटते. ती वही मी जपून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दिवाळ्यात होते. मथुराबाय जवळा पसरत होती. बाकीच्या वाकून पसरत होत्या, ती मात्र बसून, सरकत सरकत पसरत होती. हे तेव्हाही तसंच असणार, मी पाहिलं नव्हतं.

"मावशी, पाय बघायचाय."

"झाला ना मोजून?"

"पुन्हा बघायचाय."

तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "काय नाय तं. उभं राऊन राऊन सुजतं. सगल्यांचं सुजतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "गुडघ्याची गोली घेते मी मेडिकलची. रोज दोन. बाजारान बसाला लागतं ना. चार-पाच वरीस झाली."

"रोज दोन? डॉक्टरांना विचारून?"

"डाक्टर कशाला? चार दिसाव हावली हाय. पैला गाना मी म्हनते दरवर्षी, मना ठावं नाय का डाक्टर काय बोलनार? झोपून राव बोलनार. हावली झाली का जाईन."

होळी तिथला सगळ्यात मोठा सण. होळीसाठी रोवलेल्या माडाच्या किंवा सुपारीच्या झाडाभोवती बायका फेर धरतात, आणि पहिलं गाणं मथुराबायचं. ती म्हणाली नाही तर होळी पेटत नाही असं नाही, पण तसंच मानतात. तिच्याशी वाद घालायचा म्हणजे भरतीशी वाद घालणं. मला जमिनीवर बसल्या बसल्या तिचाच कायदा आठवला. मी सलवार वर केली आणि पाय तिच्यापुढे केला.

"आदी माझा. मग तुमचा."

ती हसली. कायदा तिचाच, मोडणार कशी? तिने अंगठा माझ्या नडगीवर दाबला, चांगला जोर देऊन. उचलला. पांढरा ठिपका उमटला आणि क्षणात गेला.

"आता तुमचा. तुम्हीच दाबा."

तिने स्वतःच्या नडगीवर तोच अंगठा तसाच दाबला आणि उचलला. बोटाचं पेर मावेल एवढा खळगा पडला. आम्ही दोघी बघत बसलो. आजूबाजूच्या बायका जवळ आल्या, त्याही बघू लागल्या. एकीने तिचं रडणारं बाळ दुसरीच्या हातात दिलं. खळगा भरत नव्हता. कावळे जवळ्यावर उतरले तरी त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळाने मथुराबायने लुगड्याला हात पुसले.

"चल," ती म्हणाली. "पन हावली चुकली तं तुला सोडनार नाय."

चुकली. त्याच दिवशी तिला दाखल करून घेतलं. रोजच्या दुखण्याच्या गोळ्यांनी दोन्ही मूत्रपिंडं दमवली होती. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर तशाच गोळ्या चालू राहिल्या असत्या तर आपण वेगळ्या गोष्टी बोलत असतो. गोळ्या बंद झाल्या, मीठ कमी झालं, सुकी मासळी जवळजवळ बंद झाली. सुकी मासळी विकणाऱ्या बाईला ती खाऊ नको म्हणणं किती क्रूर आहे, हे मला तिच्या शिव्यांतून कळलं. होळीच्या दिवशी मी वॉर्डात गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्याशी बोलली नाही. वर्षभर भेटेल तिथे, बाजारात, जेट्टीवर, लोकांसमोर सांगायची, "हिने माजी हावली खाल्ली." मी म्हणायचे, "खाल्ली." मला ते बोलणं मानाचं वाटायचं.

प्रबंधात मी ती ओळ परत घेतली. रेष थोडी वाकडी झाली, समीकरण आधीसारखं ऐटदार राहिलं नाही. मग मी एक महिना मागून घेतला, पुन्हा दिवाळ्यात गेले, पुन्हा पंचवीस जणींचे चिमटे सोसले आणि ह्या वेळी चिमटा काढल्यानंतर घडी कशी वर येते तेही मोजलं. गाईड बाईंनी ते प्रकरण वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही सुचलं आपल्याला?" आपल्याला म्हणाल्या, तुला म्हणाल्या नाहीत. त्यासाठी मी त्यांना कायम मानते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं की हा एकच भलता वक्र ठेवण्याचा अट्टहास कशासाठी? मी सांगितलं, कारण हे समीकरण उपयोगाचं आहे हे फक्त तोच सांगतो, बाकी पंचवीस जणी तर मला न मोजताही धडधाकट दिसत होत्या. सरांनी गुण कापले का, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

पप्पा आता निवृत्त आहेत. पण फेब्रुवारीत कॉलेजचे सहाही कॅलिपर पिशवीत घालून मी कामोठ्याला आणते, आणि ते गॅलरीत बसून एकेकाला नऊशे ग्रॅम टांगतात. हात थोडे थरथरतात, वजनं मात्र स्थिर लोंबतात. यंदा एक चिमटा त्यांनी बाजूला काढला. "हा थकलाय. ह्याचं खरं मानू नका." मी त्याच्यावर लाल चिठ्ठी लावली, पण फेकला नाही. मुलींना दाखवायला ठेवलाय.

प्रॅक्टिकलला मुली एकमेकींनाच मोजतात, पण एक मोजणी बाहेरच्या माणसाची असते, आणि गेली अनेक वर्षं ते माणूस मथुराबाय आहे. ऐटीत खुर्चीत बसते, परीक्षा देणाऱ्या मुलीला आधी स्वतः चिमटा लावते, आकडा मोठ्याने सांगते, मग पाय पुढे करते. गेल्या वर्षी मात्र आली नाही. माघातच तिला पुन्हा दाखल करावं लागलं होतं, होळीही तिथेच गेली. दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा सून दाराबाहेर येऊन म्हणाली, "डॉक्टर बोलले, आता परत पाणी भरलं तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल. आईला सांगितलं नाही." मथुराबाय आतून म्हणाली, "मना सगला आयकू येतं." त्यामुळे गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "परिक्षा कदी हाय?" तेव्हा मला लगेच तारीख सांगता येईना. ती आली तर तिचा पाय माझ्यासमोर मोजला जाणार होता, आणि मला आधी कधी वाटली नव्हती अशी भीती वाटत होती.

काल परीक्षा झाली. ती रिक्षातून आली, जिना नको म्हणून लिफ्टने, सुनेचा हात न धरता. तिसऱ्या मजल्यावर वास आला तशी थांबली आणि म्हणाली, "जवला बरा सुकलाय यंदा." मोजायला आली ती परवाचीच रडवेली मुलगी. मथुराबायने तिचा दंड मोजला, "सोला" म्हणून जाहीर केलं आणि पाय स्टुलावर ठेवला. मुलीने घडी उचलली, जबडे लावले. मी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि त्यात बघत राहिले, एक नावही वाचलं नाही.

काटा खाली आला, रेंगाळला. मुलीने ओठांतल्या ओठांत दोन मोजले, आकडा सांगितला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "झालं ना? पुढची घ्या."

"एक मिनिट, सर," ती मुलगी म्हणाली. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली असंच करतात, त्यांना शिकवलंय. तिने चिमटा काढला, खाली वाकली आणि पोटरीवरच्या दोन वळांकडे बघत राहिली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मथुराबाय पायाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मास आयला का गो परत?" तिने विचारलं.

मी पुस्तक मिटलं, जवळ गेले, वाकले. एक वळ गेला होता. दुसरा पुसट होत होता, बघता बघता कडा भरत आल्या, आणि मग तिथे नुसती कातडी राहिली, उन्हातान्हाची, सुरकुतलेली, साधी. 

"आलं, मावशी. सावकाश आलं, पण आलं."

"मंग हावलीला ये," ती पाय खाली घेत म्हणाली. "पैला गाना मीच म्हननार हाय."